गाळ उडतो, पण बसतो कुठं?

समुद्राच्या तळावरून जाळं ओढून मासेमारी केली तर बिघडतं काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. तसं हे बरेच जण विचारतात: वर्गातली मुलं, मासळीच्या दुकानात भेटणारे ओळखीचे आणि दर दिवाळीला आमचे भुदरगडचे मामा. "समुद्राच्या तळाचा गाळच न्हवं का त्यो? जाळं वढलं, गाळ उडाला, परत बसला. बिघडलं कुठं?"

मी कोल्हापुरात भूगोल शिकवतो. समुद्र आमच्यापासून घाटाखाली. पण हा प्रश्न शेतीच्या भाषेत जास्त चांगला कळतो, म्हणून मामांना उत्तर देणं मला सोपं जातं.

ट्रॉलचं जाळं तळावरून फरफटत नेतात. त्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही अंगांना जड फळ्या असतात. त्या चिखलात रुततात, चर पाडतात आणि वरचा थर उडवतात. सपाट, उथळ समुद्रात यातला बराच गाळ आसपास बसतो. आपल्या कोकणाकडच्या उथळ पाण्याचा तळ तर पावसाळ्यात लाटाही ढवळतात.

मी ज्या जागेबद्दल बोलतो ती वेगळी आहे. स्पेनच्या ईशान्य किनाऱ्याला पालामोस गावासमोर पाण्याखाली एक मोठी दरी आहे. तिच्या उतारांवर ४०० ते ८०० मीटर खोल लाल कोळंबी मिळते. तिच्यासाठी ट्रॉलर त्याच त्या वाटांनी वर्षानुवर्षं जाळी ओढतात.

"मामा, उताराला उभी नांगरट केली, ताली घातल्या न्हाईत, तर पहिल्या वळवाला काय हुतं?"

"माती वड्याला."

तिथंही तेच. गढूळ पाणी स्वच्छ पाण्यापेक्षा जड, ते उतारानं घरंगळत दरीच्या पोटात जातं. फरक एवढाच की तिथं वळीव रोज पडतो. खरं तर रोजही नाही: पाण्यात लावलेल्या उपकरणांना गढूळपणा दिसला तो बोटी कामावर असतात त्या दिवशी आणि त्या वेळी. शनिवार-रविवार बोटी बंद, की पाणी निवळ. मला सगळ्यात पटलेला पुरावा हाच. निसर्गाला कुठला आलाय रविवार!

२०१२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात या दरीबद्दल लेख आला, तेव्हा शास्त्रज्ञांनीही नांगरटीचीच तुलना केली. उतारावरच्या घळ्या आणि उंचवटे घासून सपाट झाले होते. दरीच्या तळाशी उलटा प्रकार. गाळाचं वय त्यातल्या शिसे-२१० या किरणोत्सारी शिशावरून काढतात. दर २२ वर्षांनी ते निम्मं होतं, त्यामुळे कुठला थर केव्हा बसला हे कळतं. तर १९७०च्या दशकापासून, म्हणजे बोटींची इंजिनं मोठी होत गेली तेव्हापासून, तिथं गाळ साठण्याचा वेग साधारण दुप्पट झालेला दिसला.

वर काय उरलं? २०१४च्या अभ्यासात नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या जागांची तुलना झाली. नांगरलेल्या तळात सेंद्रिय द्रव्य ५२ टक्क्यांपर्यंत कमी, आणि गाळात राहणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव ८० टक्क्यांपर्यंत कमी. खतावरचा पैसा वाचवायला निघालेला माणूस शेणखताचा ढीगच वड्यात लोटेल का? इथं मात्र कोळंबी जिच्यावर जगते तीच माती खाली चालली आहे.

मुलं विचारतात, आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते तशी तिथं नसते का? असते, पालामोसलाही दोन महिने असते. पण एवढ्यात गाळ सावरत नाही असं आढळलं. खोल समुद्रात वरून पडणारी भर इतकी थोडी की दोन महिन्यांत होणार काय.

२००५पासून भूमध्य समुद्रात १००० मीटरच्या खाली ट्रॉलिंगला बंदी आहे. मामांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. मग त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"कोळंबी किती खोलावर म्हणालास?"

"चारशे ते आठशे."

"मग बंदी कुणाला घातली?"