कोळंबीला पावडर चारली त्याची गोष्ट

शिरोळ तालुक्यात आमचं २० गुंठं रान क्षारपड झालंय. ऊस सोडाच, गवत पण धड येत नाही, उन्हाळ्यात वर पांढरं फुलतं आणि बोअरचं पाणी मचूळ. म्हणून परवानगी वगैरे काढून तिथं तळं मारलं आणि व्हेनामी जातीची कोळंबी सोडली. आबा म्हणाले, "कोळंबी कोकणातली, हितं काय करालायस?" पण समुद्राच्या मानानं आपल्या पाण्यात पोटॅश कमी असतं एवढंच, ते वरनं टाकावं लागतं. उसाला घालतो तेच पोटॅश, त्यामुळं दुकानदाराला पण नवल वाटलं नाही.

पहिल्या वर्षी साठाव्या दिवशी वाट लागली. सकाळी बघतो तर एरेटरच्या (पाण्यात हवा मिसळायचं यंत्र) कडंला पाण्यावर पांढरे दोरे तरंगतायत, शेवया टाकल्यासारखे. व्हाईट फीसेस म्हणतात ते, कोळंबीची पांढरी विष्ठा. कोळंबी खायची पण वाढायची नाही. लॅबला पीसीआर केलं तर ईएचपी निघालं, म्हणजे कोळंबीच्या अंगात वाढणारा सूक्ष्म परजीवी, आणि त्याला औषधच नाही. पंचाहत्तराव्या दिवशी बारीकच माल काढून दिला, घरात आठवडाभर कोण नीट बोलत नव्हतं.

तेव्हा एकानं सांगितलं की प्रीबायोटिक दे. दुकानात गेलो तर त्यानं प्रोबायोटिकचा डबा हातात ठेवला, म्हणे एकच की ओ. एकच कसं असेल? प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू, आपलं विरजण समजा, आणि प्रीबायोटिक म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं. मी घेतली ती पावडर यीस्टच्या सालीची, त्यात एमओएस (मॅनन ऑलिगोसॅकराइड) आणि बीटा ग्लुकन अशी साखरेच्या जातीतली दोन द्रव्यं असतात. एमओएसचं काम असं की काही वाईट जिवाणू आतड्याला चिकटायच्या ऐवजी त्यालाच चिकटतात आणि विष्ठेतनं बाहेर जातात. ग्लुकन प्रतिकारशक्ती जागी करतं. कोळंबीला आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात, एकदा झालेला रोग तिचं शरीर आपल्यासारखा लक्षात ठेवत नाही, त्यामुळं जे काय करायचं ते आधीच.

दुसऱ्या वर्षी आधी तळं वाळवलं, नांगरलं आणि सव्वा टन कळीचा चुना मिसळला (हेक्टरी सहा टनांचा हिशोब). १ मार्चला ६० हजार बीज (कोळंबीची पिल्लं) सोडलं आणि पंधराव्या दिवसापासनं पावडर चालू केली, किलो खाद्याला ३ ग्रॅम. सुरुवातीला तर दिवसाला दहा-बारा ग्रॅमच लागायची, मग बायकोचा केकचा वजनकाटा तळ्यावर नेला, तो आजतागायत घरी परत गेलेला नाही आणि त्याच्यावरनं जे ऐकलंय ते इथं लिहीत नाही.

पण पहिले चार दिवस मी येड्यासारखं पावडर नुसती कोरडी खाद्यावर भुरभुरवत होतो. शंका आली म्हणून मूठभर दाणे काचेच्या ग्लासात टाकले तर पाच मिनिटांत पाणी ताकासारखं! कोळंबी काय माशासारखं गपकन गिळत नाही, दाणा पायात धरून कुरतडत बसते, तोवर पावडर पाण्यात गेलेली असते. म्हणजे चार दिवस मी तळ्याला चारत होतो. मग बाइंडर, म्हणजे पावडर दाण्याला चिकटवून धरणारा पदार्थ, आणला, पावडर थोड्या पाण्यात कालवायची, बाइंडर घालायचा, खाद्याला चोळायचं आणि ताडपत्रीवर सावलीत अर्धा तास पसरायचं. परत ग्लास बघितला, पाणी जवळजवळ नितळ.

रोज चेक ट्रेमधली (खाद्य किती खाल्लं ते बघायला तळ्यात सोडलेली थाळी) दोन-तीन कोळंब्या उजेडाला धरून बघायचो. पाठीतनं जाणारी आतड्याची रेघ भरलेली, गडद, सलग असली की जीवात जीव. एप्रिलच्या शेवटी एकदा ती तुटक आणि फिकट दिसली. पावडर डबल करावी असं मनात आलं होतं, पण केली नाही. खाद्यच निम्म्यावर आणलं दोन दिवस, एरेटर रात्रभर पळवला, पाचव्या दिवशी रेघ परत भरली. आदल्या वर्षी मी उलटं केलं होतं, वाढत नाही म्हणून खाद्य वाढवत गेलो आणि सगळं तळाला कुजलं.

मध्येच आबांनी विचारलं, आपली काकवी घातली तर चालंल का, ती पण गोडच की. काकवी मी घालतोच, पण ती पाण्यातल्या जिवाणूंसाठी, कोंड्याबरोबर आंबवून. कोळंबीच्या पोटात पोचवायची गोष्ट वेगळी. ते काय पटलं नाही त्यांना.

पुराच्या आधी काढायचंच होतं, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा ह्या रानात बोट चालली असती एवढं पाणी होतं. १४ जूनला जाळं ओढलं. ९०० किलो, किलोत ४० नग, खाद्य गेलं साडेबारा क्विंटल. पांढरा दोरा एक दिसला नाही.

आता गावातली पोरं विचारतात कुठली पावडर रे, आणि मला खरंच सांगता येत नाही की पावडरीनं झालं का चुन्यानं का मी खाद्य हात आखडून टाकलं त्यानं. तळं एकच आहे. पुढच्या वर्षी शेजारच्या काकांचं पडीक रान खंडानं मिळालं तर एकात पावडर, एकात नाही, असं करून बघणार आहे. काका अजून हो म्हणालेले नाहीत, आधी कोळंबी खायला घाल म्हणतायत.