एक पंप, ३६ टाक्या आणि वळवाची रात्र

काकूंनी दारातच सांगितलं, "अरे, ते भुंगे तेवढे बंद कर. रात्रभर कानात तेच वाजत राहतं."

भुंगे म्हणजे १९ छोटे एअर पंप. नाशिकच्या पवननगरमधलं घर, मागची खोली, तीन मजली लोखंडी रॅक आणि त्यावर माशांच्या ३६ काचेच्या टाक्या. वरच्या दोन रांगांत गप्पी, मॉली, एंजल. खालच्या रांगेत मोठ्या टाक्या, त्यांतल्या ८ गोल्डफिशच्या. खिडकीशी बरण्यांमध्ये फायटर मासे. बोर्डाला बोर्ड जोडत नेलेले, त्यातल्या एकावर पाणी ठिबकून सुकल्याचा पांढरा डाग. टाक्यांच्या देखभालीची कामं करतो, त्यामुळे अशा खोल्या मला नव्या नाहीत. तरी तो डाग पाहून अंगावर काटा आला.

काका सातपूरला टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे होते, आता निवृत्त. सगळ्या टाक्यांना एकाच मोठ्या पंपावरून हवा द्यायची, हे त्यांना पटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. आदल्या वर्षी एकाने तशी जोडणी करून दिली होती. पंप जमिनीवर ठेवला, मुख्य पाइप रॅकच्या मधल्या उंचीवर. एका रात्री लाईट गेली, वरच्या टाक्यांतलं पाणी नळ्यांवाटे पाइपात आणि पाइपातून पंपात उतरलं. सकाळी १४ गोल्डफिश मेलेले. काकांनी तो आकडा मला दोनदा सांगितला.

"पंप थांबला तर काय होईल, ते आधी सांग. चालू असताना काय, सगळंच चालतं," ते म्हणाले. इतका नेमका प्रश्न मला कुठल्या गिऱ्हाइकाने आजवर विचारला नव्हता.

हिशेब सोपा होता. टाकीला मिनिटाला दीड लिटर हवा धरली तर ३६ टाक्यांना ५४ लिटर. थोडी जास्तीची धरून ७० लिटरचा पंप घेतला, साधारण ६० वॅटचा. विजेची मोठी बचत होते असं मी कुणाला सांगत नाही, १९ छोटे पंप मिळूनही तेवढीच वीज खातात. फायदा दुसरा आहे: खोलीत आवाज एकच, प्लग एकच, आणि तोही पाण्यापासून लांब.

पंप या वेळी सगळ्यात वरच्या टाकीच्याही वर, भिंतीतल्या फळीवर बसवला. रविवार कारंजाजवळून जाड भिंतीचा एक इंची पीव्हीसी पाइप आणला आणि तो छताखालून खोलीभर फिरवून त्याचं शेवटचं टोक पुन्हा सुरुवातीलाच जोडलं. नुसता सरळ पाइप टाकून शेवटी एंड कॅप लावली, तर शेवटच्या टाक्यांचं गल्लीतल्या शेवटच्या नळासारखं होतं. कडं केलं की हवा दोन्हीकडून येते आणि दाब सगळीकडे जवळपास सारखा राहतो.

प्रत्येक टाकीसाठी पाइपावर कॉक बसवायचं काम काकांनी माझ्या हातातून काढूनच घेतलं. एक सुती, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या आट्याचे पितळी कॉक होते. काकांनी पाइप मांडीत धरला, भोकाच्या जागी पंचाने खूण केली, बारीक ड्रिल मारलं आणि मग आटे पाडायचा टॅप फिरवायला घेतला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. प्लास्टिकची पांढरी कुरळी भुकटी बाहेर यायची, ते ती फुंकरीने उडवायचे आणि पुन्हा पुढे. ३६ भोकं, प्रत्येकात आटे. शेवटी साबणाचा फेस लावून पाहिला तर एकाही कॉकाशी बुडबुडा आला नाही. मी एवढ्या जोडण्या केल्या, पण फेस लावल्यावर काहीच गळत नाही असं पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी चारला पंप सुरू केला. वरच्या दोन रांगा खळखळायला लागल्या. खालच्या रांगेत एक बुडबुडा नाही.

काकांचा चेहरा उतरला. "पंप कमी पडला."

पंप कमी पडला नव्हता. हवा सोप्या वाटेने जाते. वरच्या टाक्यांतले, हवा जिथून पाण्यात सुटते ते स्पंज फिल्टर एक फूट पाण्याखाली, खालच्या टाक्यांतले दीड फूट. दर १० सेंटीमीटर पाण्याला साधारण १ किलोपास्कल दाब लागतो, म्हणजे वर ३ आणि खाली साडेचार. वर मोकळी वाट असताना हवा खाली कशाला जाईल? टाकी रॅकवर किती उंच आहे याला इथे महत्त्व नाही, फिल्टर किती पाण्याखाली आहे याला आहे. मी वरचे कॉक एकेक करून आवळत गेलो. बाविसाव्या कॉकाला खालच्या कोपऱ्यातल्या टाकीत पहिला बुडबुडा आला, मग तिच्या शेजारच्या टाकीत.

जास्तीची हवा सोडायला एक कॉक ठेवला होता. काकांनी त्यावर बोट ठेवलं. "ही वाया का घालवायची?" मी ते बोट काढायला लावलं. हवेला बाहेर पडायला जागा नसेल तर पंपावर उलटा दाब येतो, तो तापतो आणि आतला रबरी पडदा फाटतो. काकांनी क्षणभर विचार केला आणि त्या कॉकाला नळी लावून ती नळाचं पाणी मुरवत ठेवलेल्या पिंपात सोडली. हवा मोकळी झाली, आणि पिंपातल्या पाण्यातलं क्लोरीनही लवकर उडणार. हे मला सुचलं नव्हतं.

मग मी मेन स्विच पाडला. चालू झालेली जोडणी मुद्दाम बंद करतो म्हणून काकू चिडल्या, पण काका जवळ येऊन उभे राहिले. नळ्यांमध्ये पाणी मागे चढलं आणि काठाखाली थांबलं. काठोकाठ भरलेल्या तीन टाक्यांच्या नळ्यांमध्ये मात्र ते काठाच्या वर सरकलं. त्या टाक्यांतलं पाणी दोन इंच कमी केलं आणि सगळ्या नळ्यांना पाणी मागे येऊ न देणारे चेक व्हॉल्व्ह लावले.

सहा वाजता हत्यारं भरत होतो तेव्हा वळवाचा पाऊस आला. मे महिना, दिवसभर जीव नकोसा करणारा उकाडा, मग एकदम धूळ, वारा आणि टपोरे थेंब. सव्वासातला लाईट गेली.

घरात इन्व्हर्टर होता आणि पंप मीच त्यावर टाकला होता. तो सुरू झाला, पण आवाज वेगळाच, घोगरा. दहा मिनिटांत पंपाला हात लावून पाहिला तर चटका बसला. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा होता, म्हणजे वीज झटक्याझटक्याने देणारा, आणि चुंबकावर चालणाऱ्या या पंपाला तसली वीज मानवत नाही. "इन्व्हर्टर आहे ना?" एवढंच मी विचारलं होतं. कुठला आहे, हे विचारायचं माझं काम होतं, मी ते केलं नाही. पंप बंद करावा लागला.

खोलीत एकदम शांतता. जी शांतता काकूंना हवी होती ती अशी आली.

थर्मामीटर ३१ अंश दाखवत होता. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहतो, ३० अंशाला साडेसात. नाशिकच्या उंचीमुळे त्यातही थोडी घट. गोल्डफिशच्या टाक्यांत मासे दाट होते. साडेआठच्या सुमाराला ते वर येऊन तोंडं मारायला लागले.

माझ्या पिशवीत सेलवर चालणारे दोन पंप होते, ते सगळ्यात गच्च दोन टाक्यांना लावले. काका संध्याकाळचं खाणं टाकणार होते, ते थांबवलं, कारण खाल्लेलं पचवायलाही मासा ऑक्सिजनच वापरतो. फायटरांच्या बरण्या उचलायला काका धावले, पण तो वरून हवा घेऊन जगणारा मासा, त्याला आमची गरज नव्हती. उरल्या गोल्डफिशच्या सहा टाक्या. काकू स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आल्या. पाणी भरायचं, हातभर उंचीवरून त्याच टाकीत ओतायचं, पुन्हा भरायचं. पडणारं पाणी हवा घेऊन आत जातं. तीन माणसं, दोन तांबे, एक पातेलं, मोबाइलचा उजेड. बोलत कुणीच नव्हतं. काकूंचा खांदा दुखत होता हे मला त्यांच्या हात बदलण्यावरून कळत होतं. बसा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "गेल्या वेळी मी झोपले होते."

११ वाजून २० मिनिटांनी लाईट आली. पंप गार झाला होता. आधी वरच्या रांगेत बुडबुडे आले, मग मधल्या, आणि सगळ्यांत शेवटी खाली, कोपऱ्यातल्या टाकीत. काका त्या टाकीसमोर उकिडवे बसून राहिले. एक गोल्डफिश गेला. बाकीचे राहिले.

चार दिवसांनी साइन वेव्हचा, म्हणजे लाईटसारखीच सुरळीत वीज देणारा इन्व्हर्टर आणला. त्याच कड्यावर कॉक लावून फळीवर दुसरा पंपही बसवला, पहिला बंद पडला की लगेच जोडता यावा म्हणून. त्या दिवशी गेलो तेव्हा रॅकच्या कडेला खिळा ठोकलेला दिसला. त्यावर तांब्या अडकवलेला होता.

"तो आता इथेच राहील," काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.