बायकोची वही आणि यंदाची दिवाळी

२०२५ च्या सप्टेंबरात, दुसऱ्या आठवड्यात, बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. लिगामेंट. सहा आठवडे जिना नाही, बाजार नाही, जास्त वेळ उभं राहणं नाही. घरी येऊन कॅलेंडर उलटलं तर सहावा आठवडा नेमका पाडव्याला संपत होता. आकाशकंदील, साफसफाई, पणत्या हे मी निभावून नेलं असतं. पण कुणाला काय द्यायचं हे खातं लग्नाला अठरा वर्षं झाली तरी माझ्याकडे कधी आलेलं नव्हतं. माझं काम पिशव्या धरणं आणि 'छान आहे' म्हणणं.

तिने पडल्या पडल्या कपाटाचा खालचा खण उघडायला सांगितला. त्यात एक वही. लाल कापडी पाठीची, दोनशे पानी, किराणावाले उधारीला वापरायचे तसली. २००९ पासूनच्या सगळ्या दिवाळ्या त्यात. तीन रकाने आखलेले: नाव, काय दिलं, आणि तिसऱ्याला मथळाच नाही. त्यात बारीक अक्षरात शेरे. 'वन्सं, निळी काठापदराची. नेसलेली दिसली नाही.' 'मावशी, कुकर ३ लि. आधीचे दोन आहेत!!' 'दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, मेणबत्त्यांचा सेट.' आणि त्याच्याच पुढच्या वर्षी, 'तोच सेट आपल्याकडे परत. वेष्टन नवीन.'

मी अकाउंट्सचा माणूस. रात्री बसून एक्सेल केलं. एकतीस नावं, चार गट, प्रत्येकापुढे रक्कम, खाली बेरीज. सकाळी तिला मोबाईलवर दाखवलं. तिने शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बजेट बरंय. तारखा कुठायत?"

मी म्हटलं, तारीख काय, दिवाळी.

ती नुसती बघत राहिली.

घरकामाच्या मावशींपासून सुरुवात केली, कारण तो आकडा मला सगळ्यात सोपा वाटत होता. एक महिन्याचा पगार द्यायचा. आमच्या ऑफिसात तेव्हा १९६५ च्या बोनस कायद्याने कमीत कमी ८.३३ टक्के द्यावे लागायचे. १०० भागिले १२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. तो कायदा साधारणपणे वीस माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लागायचा, आणि आमच्याकडे मावशी एकट्याच. पण घराघरांतला रिवाजही तोच, एक पगार. सोबत एखादी वस्तू. वस्तू काय, हे विचारायला मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. "मावशी, दिवाळीला काय हवं तुम्हाला?"

"द्या की दादा, तुम्हाला वाटंल ते."

बायको आतून म्हणाली, "असं दारात उभं राहून विचारल्यावर कोण सांगेल? त्या घासतायत ना, तू पुसायला घे."

मग दोन-तीन दिवस मी भांडी पुसली. तिसऱ्या दिवशी मावशी कढई घासता घासता आपणहून बोलायला लागल्या. गेल्या दिवाळीत एका घरातून डिनर सेट मिळाला, बारा ताटल्यांचा. "आमच्यात बारा मान्सं बसवायची कुठं? पोरीच्या लग्नाला म्हणून पोटमाळ्यावर टाकलाय." एका घरातून साडी मिळाली, तिचा रंग सासूच्या वयाचा. पैसे मात्र चारही घरांतून मिळाले, पाडव्याला आणि भाऊबीजेला. "पाडव्याला पैसं घिऊन काय करू दादा? रवा, साखर, त्याल, पोरांची कापडं, समदं त्याच्या आदी लागतं. उदारीवर आणलं. मग तुमचं पैसं आलं ते दुकानदाराला दिलं."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही दिलेला बोनस मावशींच्या दिवाळीत कधी पोचलाच नव्हता. तो वाण्याकडे जात होता. वहीतल्या तिसऱ्या रकान्यातही हे नव्हतं. बायकोलाही ते नवीनच होतं, आणि ती दिवसभर गप्प होती.

१० ऑक्टोबरला, वसुबारसेच्या आठवडाभर आधी, पगारासोबत बोनस दिला. रोख, पाचशेच्या नोटांत. वस्तू काहीच नाही. साडीचे पैसे वेगळ्या पाकिटात घातले आणि निवड त्यांची त्यांनीच करावी असं सांगितलं. त्यावर मावशी थोडा वेळ घुटमळल्या. मग म्हणाल्या, "दादा, भाऊबीजेला म्हायेरी जायचं व्हतं. चार दिस. पगार कापनार न्हाई ना?" मी नाही म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, दोन्ही पाकिटांपेक्षा हे वरचढ होतं. त्या चार दिवसांत मी काय काय घासलं तो वेगळा विषय.

मावशींचं ते उधारीचं ऐकलं तेव्हाच मी एक्सेलमध्ये नवा रकाना टाकला होता, 'कधीपर्यंत', आणि यादी त्या तारखांनी लावली होती. सगळा क्रमच बदलला. ज्या बहिणीला मी यादीत शेवटी ठेवलं होतं, भाऊबीज शेवटी असते म्हणून, ती एकदम वर आली. साडीला फॉल-पिको लागतं. दसरा झाला की फॉल-पिकोवाल्याकडे ढीग साचतो, आणि शिंपी तर ब्लाऊजच्या ऑर्डरी घेणंच बंद करतात. बहीण असते नाशिकला. भाऊबीजेला हातात दिलेली साडी ती संक्रांतीला नेसणार. तेव्हा ५ ऑक्टोबरलाच लक्ष्मी रोड गाठला, व्हिडिओ कॉलवर तिला तीन साड्या दाखवल्या, तिने चौथीच मागितली, आणि फॉल-पिको करून कुरिअर केली. ओवाळणीच्या ताटात टाकायला नुसतं पाकीट ठेवलं. साडीत सरप्राइज असावं असं माझं आधी मत होतं. आता नाही.

भाच्याच्या बाबतीत मात्र तारीख हुकली. तो अमेरिकेत शिकतो. फराळाचं पार्सल दरवर्षी पोस्टाने जायचं. यंदा अमेरिकेने आयात शुल्काचे नियम बदलले, त्यामुळे आपल्या टपाल खात्याने ऑगस्टच्या अखेरीला तिकडची पार्सलं घेणं थांबवलं, आणि ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ ला. शेवटी त्याच्याच गावातल्या एका मराठी कुटुंबाकडे फराळाची ऑर्डर त्याने दिली, पैसे मी भरले. चकली कडक होती म्हणाला, पण सगळी संपवली.

आईचं सोपं वाटलं होतं. तिला दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला दिवाळीत वाचायला लागतं, तसं आईलाही लागतं. अप्पा बळवंत चौकात जाऊन चार जाडजूड अंक उचलले आणि रिक्षात बसल्यावर एक उघडून बघितला तर अक्षर मुंगीएवढं. आईचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय. तरी अंक दिले. तिने वास घेतला, अनुक्रमणिका भिंगातून वाचली आणि बाजूला ठेवले. मग एका वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत तिचं नाव घातलं: एकदाच वर्गणी, आणि पुढचे काही महिने अंक बदलून नेता येतात. म्हणजे दर शनिवारी मी अंक आणायचा आणि संध्याकाळी तासभर तिला वाचून दाखवायचा. कथा तिला आवडतात. राजकीय लेख आला की "पुढे चल" म्हणते.

फिजिओथेरपीला घरी येणाऱ्या मॅडमसाठी कसब्यातल्या तांबट आळीत गेलो. एकदा आमच्याकडचा तांब्याचा जग हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं, कुठला हो? ते बायकोने लक्षात ठेवलं होतं. आळीत शिरायच्या आधीच हातोड्यांचा आवाज येतो. मठारकाम म्हणतात त्याला. भांड्यावर एकेक ठोका देत ओळीने चकचकीत खड्डे पाडतात, त्यात शोभाही आहे आणि पत्र्याला बळकटीही येते. दोन जग हातात घेऊन बघितले, ज्याच्यावर ठोक्यांची ओळ जरा तिरकी गेली होती तो घेतला. यंत्राचा नाही हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं.

मिठाईवर मी फार वेळ घालवला नाही. इतकंच, की सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे, आणि ती बहुतेक जण वाचत नाहीत. मी वाचली. जी बर्फी मी पाच घरी नेणार होतो ती दोन दिवसांची होती. पाच घरी मिळून त्या दोन दिवसांत किती बर्फी येणार याचा अंदाज केला आणि लसणाचा चिवडा घेतला.

आता मित्राचं. शाळेपासूनचा मित्र. त्याची आई ऑगस्टमध्ये गेली. एक्सेलमध्ये त्याच्यापुढे मी सवयीने 'ड्रायफ्रूट बॉक्स' लिहिलं होतं. बायकोने ते खोडायला लावलं. "त्यांच्याकडे यंदा दिवाळी नाही. फराळ आपण न्यायचा." वर्षाच्या आत घरात फराळ करत नाहीत, शेजारीपाजारी आणि नातेवाईक आणून देतात, हे मला ठाऊक होतं, पण हे काम करणारी माणसं नेहमी दुसरी कुणीतरी असायची. आमच्या सोसायटीतल्या एक काकू फराळाच्या ऑर्डरी घेतात, त्यांच्याकडे कोजागिरीलाच सांगून ठेवलं होतं. मी दुकानातला रंगीत खोका काढला तर बायको म्हणाली, "खोका नको. आपला स्टीलचा डबा ने."

नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी गेलो. जिन्यात सगळ्यांच्या दाराशी कंदील, ह्याच्या दाराशी नुसता बल्ब. आत टीव्ही बंद. त्याची मुलगी अकरावीत आहे, ती डबा घेऊन आत गेली आणि झाकण उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबा, करंज्यापण आहेत." त्याच्या आईच्या करंज्या आमच्या अख्ख्या वर्गाला माहीत होत्या, मधल्या सुट्टीत त्याचा डबा त्याच्या वाट्याला कधी यायचाच नाही. तो काही बोलला नाही. उठून चहा टाकला, साखर दोनदा घातली, आणि आम्ही तो तसाच प्यायलो. मी निघताना त्याने विचारलं, डबा उद्या देऊ का? म्हटलं, राहू दे, घाई नाही. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला त्याने डबा आणून दिला. रिकामा देऊ नये म्हणून आत वाटीभर साखर होती.

पाडव्याला बायकोला काय, हा प्रश्न मी तिलाच विचारून टाकला. सोन्याने तोळ्याला एक लाख वीस हजार ओलांडले होते, तेव्हा मी जरा भीतभीतच विचारलं. ती म्हणाली, "ही वही आता तूच सांभाळ." सोनं परवडलं असतं असं मला पुढे वाटलं.

राहिला रात्रीचा वॉचमन. ज्या रात्री तिला हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या रात्री लिफ्ट बंद होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खाली उभा राहून मी लिफ्टवाल्याला फोन लावत होतो, आणि हा केबिनमधली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. "भैया, आप उधर से पकडो." तिला खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी वर नेलं, प्रत्येक वळणावर टेकवत. वर पोचल्यावर पाणीसुद्धा न घेता खाली गेला, गेट उघडं होतं म्हणून.

सोसायटीचे घरटी पाचशे होतेच. त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस वाजलं, एजन्सी देते की बोनस, मग आपण का. ते सोडून देऊ. मला त्याला वेगळं काही द्यायचं होतं, आणि एकतीस जणांत सगळ्यात जास्त विचार मी ह्याच्यावर केला. चादर? त्याच्याकडे होती. जर्किन? माप माहीत नाही. मग एकदा रात्री दोन वाजता खिडकीतून बघितलं तर कागदी कपात चहा निवलेला आणि हा तो तसाच घोट घोट घेतोय. थर्मास. स्टीलचा, एक लिटरचा, झाकणाचाच कप होणारा. तीन दुकानं फिरलो, कारण पहिल्या दोन ठिकाणचे गळत होते. मी त्यात पाणी भरून आडवे करून बघितले, दुकानदार वैतागले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी थर्मास, पाकीट आणि फराळाची पिशवी घेऊन खाली उतरलो.

केबिनमध्ये दुसराच मुलगा. "वो तो गाँव गया, तीन दिन हुआ. छठ है ना."

फोन लावला, बंद. म्हटलं, छठ झाली की येईल. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एजन्सीच्या सुपरवायझरला विचारलं, तर त्याने सांगितलं की तो परतला, पण त्याला दुसऱ्या साइटवर टाकलंय, कुठली ते बघून सांगतो. अजून सांगतोय.

त्यानंतर यंदाच्या नोंदी करायला वही उघडली. वॉचमन, झाडूवाले, पेपरवाला ही मंडळी शेवटच्या पानांवर आहेत, आणि एक्सेल करताना नावं तिथून घेऊन मी तिसरा रकाना वाचलाच नव्हता. २०२३ च्या ओळीत तिचं अक्षर: 'रात्रीचा वॉचमन, ५०० + चिवडा. छठला जातो. धनत्रयोदशीच्या आधी देणे.' 'आधी'खाली दोन रेघा.

थर्मास चपलांच्या कपाटावर आहे. आत पाकीट तसंच ठेवलंय. फराळ आम्हीच खाल्ला.