फलकाची दुसरी बाजू

कालव्याच्या काठची पायवाट जिथे संपत होती तिथून तलावाभोवतीचा सायकलमार्ग जेमतेम ३५० मीटरांवर होता आणि माणसे नेमकी तेवढ्यातच चुकत. दोन्ही वाटा आपापल्या जागी चांगल्या बांधलेल्या होत्या. मधल्या तुकड्यात मात्र एक रहदारीचा रस्ता, दोन वळणे आणि एक फाटा होता, आणि त्यांतले आपले वळण कोणते हे सांगणारे तिथे काहीच नव्हते. या तुकड्यात आणि त्याच्या दोन्ही टोकांना मिळून ११ खांबांवर दिशादर्शक फलक लावण्याचे काम माझ्याकडे होते. पाहणी, आराखडा, मजकूर, छपाईला दिलेला तक्ता असे सगळे माझ्याच हातचे असल्यामुळे फलक बसवण्याच्या दिवशी मी जरा निर्धास्तच होते.

अक्षरांच्या उंचीवरून छपाई करणाऱ्यांशी माझी आधीच बरीच घासाघीस झाली होती. ताशी १८ किलोमीटर वेगाने येणारा सायकलस्वार सेकंदाला ५ मीटर पुढे सरकतो. फलक वाचून, वळायचे की नाही हे ठरवून ब्रेक दाबायला त्याला पाचेक सेकंद लागतील असे धरले, तर मजकूर २५ मीटरांवरून वाचता आला पाहिजे. दर ४ मीटरांमागे १ सेंटिमीटर या ढोबळ हिशेबाने अक्षर ६ सेंटिमीटरांहून थोडे मोठे हवे, आणि देवनागरीत वेलांट्या-मात्रा शिरोरेषेच्या वर तर उकार खाली जात असल्याने प्रत्यक्ष ओळ त्याहून बरीच उंच होते. चालणारा माणूस फलकापाशी थांबून, हवे तर बोट ठेवून वाचतो, त्याला एवढ्या मोठ्या अक्षरांची गरज नसते. पण फलक एकच असल्यामुळे सायकलस्वाराच्या मापाने जावे लागले आणि परिणामी एका बाजूला तीनच नावे मावली. ही अडचण पुढे सोयीची ठरली, कारण कोणती नावे गाळायची यावर बैठकांमध्ये होणारा वाद पत्र्याच्या आकारानेच मिटवला.

सकाळी आठला आम्ही कालव्याच्या टोकाकडून सुरुवात केली. बरोबर आलेले फिटर दादा कमी बोलणारे आणि हाताने अतिशय नेटके होते. खांब ओळंब्यात आहे की नाही हे पाहिल्याशिवाय ते क्लॅम्पचा नट शेवटचा आवळत नसत, आणि पत्रा रस्त्याला काटकोनात आला आहे ना हे दर वेळी दहा पावले मागे जाऊन स्वतः पाहत. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर आम्ही १ ते ११ असा ठळक आकडा दिला होता. ही कल्पना अर्थातच माझी नव्हती. बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याने खाणीतल्या बोगद्यांच्या अनुभवावरून सायकलमार्गांच्या प्रत्येक नाक्याला क्रमांक देण्याची पद्धत सुचवली आणि १९९५ मध्ये तिथे तसे पहिले जाळे उभे राहिले. गावांची नावे लक्षात ठेवण्यापेक्षा चार आकडे कागदावर टिपून निघणे लोकांना सोपे वाटले. आमच्या अकरा खांबांना जाळे म्हणणे धाडसाचे ठरेल, पण ‘त्या पिंपळाच्या पुढचा खांब’ असे सांगत बसण्यापेक्षा आकडा केव्हाही बरा.

हिशेब विभागातल्या एका सहकारी मैत्रिणीला मी त्या दिवशी मुद्दाम बोलावले होते. तिने ही वाट कधीच पाहिली नव्हती आणि दिशांच्या बाबतीत आपण कच्च्या आहोत असे ती स्वतःच सांगे, म्हणून ती मला हवी होती. नकाशा न पाहता, कोणाला न विचारता, केवळ फलकांच्या आधारे तिने तलावाकडून कालव्याकडे यायचे असे ठरले. दुपारनंतर ११ क्रमांकाचा फलक बसला, आम्ही टेम्पोने पुन्हा कालव्याशी आलो आणि तिला निघायला सांगितले. फलकावर ‘कालवा – ८ मिनिटे’ असे होते. हा आकडा मी ताशी ५ किलोमीटर धरून काढला होता. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या फलकांवर पायी चालण्याचा वेळ देतात, तो सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर धरून, हे माहीत असूनही मी हात सैल सोडला नव्हता. त्यामुळे दहा मिनिटे झाली तेव्हा चूक फार तर एवढीच असेल असे मला वाटले.

पंधराव्या मिनिटाला तिचा फोन आला. “अगं, मी एका तारेच्या कुंपणापाशी उभी आहे. पुढे वाटच नाही.”

“तू सहा नंबरच्या खांबाशी डावीकडे वळायला हवं होतंस.”

“बाण उजवीकडे आहे.”

“नाही, डावीकडेच आहे,” असे मी ठामपणे म्हणाले, कारण तो बाण मी स्वतः काढला होता. चुकली असेल ती, असे मनात म्हणत मी सहाव्या खांबाकडे निघाले. फिटर दादा माझ्या आधी पोहोचले, फलकाला वळसा घालून पलीकडे गेले आणि तिथूनच म्हणाले, “मॅडम, जरा पाठीमागून बघा.”

पुढून पाहिले तर ‘तलाव’ आणि उजवीकडचा बाण, अगदी बरोबर. मागून पाहिले तर ‘कालवा’ आणि तोही बाण उजवीकडचाच. पुढून येणाऱ्याची उजवी बाजू ही समोरून येणाऱ्याची डावी, एवढी साधी गोष्ट. पण सकाळपासून आम्ही सगळे एकाच दिशेने चाललो होतो आणि प्रत्येक फलक पुढूनच तपासला होता. दादांची दहा पावलेसुद्धा त्याच बाजूची होती. छपाईवाल्याला मी फोन लावला, तर त्याने शांतपणे माझाच तक्ता वाचून दाखवला. नावांचा रकाना दोन्ही बाजूंसाठी वेगळा होता आणि बाणाच्या रकान्यात मी लिहिले होते, ‘मागील बाजू वरीलप्रमाणे’. टोकदार पाटीच्या रूपातला फलक असता तर त्याचे टोकच दिशा दाखवते आणि ही चूक होऊच शकली नसती. मोठ्या अक्षरांसाठी मी चौकोनी पत्रा निवडला होता.

सरळ बाण असलेले फलक आपोआपच वाचले होते. वळणावरचे पाच मात्र समोरून येणाऱ्या प्रत्येकाला उलट्या बाजूला पाठवणारे होते, आणि चुकीचा फलक हा नसलेल्या फलकापेक्षा वाईट, कारण फलक नसेल तर माणूस निदान कोणाला तरी विचारतो. संध्याकाळ होईपर्यंत दादांनी त्या पाचही फलकांना गोणपाट गुंडाळून सुतळीच्या गाठी मारल्या. पत्रे चांगले असल्यामुळे ते बदलावे लागणार नव्हते. मागच्या बाजूला नवीन परावर्तक स्टिकर चढवले की भागणार होते. मैत्रीण कुंपणापासून परत येऊन पोहोचली तेव्हा तिने आणखी एक गोष्ट सांगितली: नवव्या खांबानंतर बराच वेळ काहीच दिसले नाही, त्यामुळे वाट बरोबर असूनही ती दोनदा मागे फिरायला निघाली होती. वळण नाही म्हणजे फलकाची गरज नाही, असे धरून मी तो सरळ तुकडा रिकामा ठेवला होता. तिथे नाव नसलेली, नुसता सायकल आणि पादचाऱ्याचे चिन्ह असलेली एक छोटी पाटी मी तक्त्यात वाढवली, आणि चालण्याचे मिनिटही आठचे दहा केले.

नवे स्टिकर यायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी गोणपाट सोडायला गेलो तेव्हा सहाव्या खांबावरची गाठ पाहून दादा थांबले. त्यांची गाठ सरळ असते आणि तिची टोके ते आत खोचतात. इथे कोणीतरी ती सोडून, आत डोकावून, पुन्हा आपल्या पद्धतीने बांधून ठेवली होती. दोन क्रमांकाच्या खांबावरही तसेच होते.