घरगुती बायोगॅस: आंबलेली टाकी, दिवस 61 ते 84

मागील नोंदीत 2 किलो ओल्या कचऱ्यावर माझे 1000 लिटरचे संयंत्र स्थिरावल्याचे लिहिले होते. गॅस साठवणाऱ्या तरंगत्या टाकीचा व्यास 94 सेंटिमीटर असल्याने ती एक सेंटिमीटर वर सरकली की सुमारे 7 लिटर गॅस जमला असे मी धरतो. रोज ती 26 सेंटिमीटर चढे आणि तेवढ्यावर शेगडी अर्ध्या तासाहून अधिक चाले. त्या निर्धास्तपणात, उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून, 61 व्या आणि 62 व्या दिवशी मी प्रत्येकी 6 किलो लगदा आत ओतला.

63 व्या दिवशी टाकी 40 सेंटिमीटर वर आलेली पाहून मी खूश झालो. मात्र काडी लावताच ज्योत बर्नरवरून उचलली गेली आणि विझली. दुसऱ्या, तिसऱ्या काडीलाही तेच. बाहेर पडणाऱ्या स्लरीला (कुजलेल्या पातळ काल्याला) नाकात झोंबणारा आंबट वास येत होता आणि सामूची (pH, म्हणजे आम्लता मोजणारी) पट्टी 6 च्या किंचित वर थांबली, जो एरवी 7 च्या आसपास असतो.

अन्नाचे आम्ल करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, तर त्या आम्लाचा मिथेन (जळणारा वायू) करणाऱ्या सूक्ष्मजीवांना त्यासाठी कित्येक दिवस लागतात. शिवाय सामू 6.5 च्या खाली गेला की ते जवळजवळ कामच थांबवतात. टाकी चढली होती ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडने. केवळ टाकीच्या उंचीवरून प्रगती मोजणे फसवे आहे, हे मला आधीच सुचायला हवे होते.

खाद्य पूर्ण बंद केले आणि न जळणारा गॅस विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत सोडून दिला. चुन्याने सामू एकदम उसळतो, शिवाय तो कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊन खडूसारखा तळाशी बसतो, म्हणून खायचा सोडा निवडला: दर वेळी 250 ग्रॅम सोडा पाण्यात विरघळवून, एक दिवसाआड, चार वेळा. सोबत 20 लिटर ताजा शेणकाला घातला, कारण सोड्याने आम्ल शमते, पण सूक्ष्मजीव वाढत नाहीत. 69 व्या दिवशी ज्योत पिवळट आणि थरथरती का होईना, पण टिकली. 72 व्या दिवशी सामू 6.9 झाला.

73 व्या दिवसापासून अर्धा किलो बारीक वाटलेला कचरा तेवढ्याच पाण्यात कालवून देऊ लागलो आणि दर तीन-चार दिवसांनी पाव किलो वाढवला, तोही पट्टी पाहूनच. आज 84 व्या दिवशी सव्वा किलोवर टाकी 16 सेंटिमीटर चढते आणि ज्योत निळी आहे.

या गडबडीत गॅसच्या नळीतील, दुर्गंधीयुक्त हायड्रोजन सल्फाइड वायू शोषणारा लोखंडी कीस पार काळा पडलेला आढळला. तो वायू शोषून झालेला असा कीस हवेत आपोआप तापतो, त्यामुळे तो ओला करूनच बाहेर काढला.