घरचा सर्व्हर, महिना आठवा: वीजबिलाचा हिशेब

फोटो वगैरे गूगलऐवजी घरच्याच सर्व्हरवर ठेवतो; तो किती वीज खातो याचे स्मार्ट प्लगचे (वीज मोजणारा प्लग) आकडे देतो म्हणालो होतो, घ्या. सेकंडहँड थिंकसेंटर टायनी (छोटा डेस्कटॉप, आठव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम) आणि मिररमधल्या (दोन्हींवर तोच डेटा) ४ टीबीच्या दोन डिस्क, असा सगळा संसार सरासरी २४ वॅट खातो. महिन्याला १७ युनिट. आमच्या स्लॅबमध्ये युनिट साडेदहाला पडतं, म्हणजे १८० रुपये.

मशीन ११ हजारांचं, डिस्क १९ हजारांच्या. गूगलच्या क्लाउडवर २ टीबी जागा मी महिना ६५० ला घेत होतो. फरक ४७०. तीस हजार वसूल व्हायला पाच वर्षं, आणि डिस्कची वॉरंटी तीनच वर्षांची! नुसते फोटोच ठेवायचे असतील तर या भानगडीत पडू नका. (बायकोने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.)

पण माझ्याकडे इमिच (फोटोंचं अ‍ॅप) चेहरे ओळखत बसतं, सिनेमे-गाण्यांसाठी जेलीफिन आहे, जाहिराती अडवायला पाय-होल आहे, आणि हे सगळं त्याच २४ वॅटांत. क्लाउडवर एवढ्या रॅमचं व्हर्च्युअल मशीन (भाड्याचा संगणक) महिनाभर चालू ठेवा, भाडं हजारांत जातं. क्लाउडवर जागा स्वस्त, जागं राहणं महाग. ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं आणि मग सुमारे ६ लाख डॉलरचे डेल सर्व्हर घेतले, ते यामुळेच: त्यांचा भार रोजचा, ठरलेला. वर्षातून चार दिवस गर्दी होणाऱ्याने मात्र भाड्यानेच घ्यावं.

या महिन्याचा घोळ: पहिल्या वळवात लाईट गेली, इन्व्हर्टर असूनही सर्व्हर बंद पडला. दोन संध्याकाळी केबल तपासण्यात घालवल्या. शेवटी सापडलं काय, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'नॉर्मल'वर! 'यूपीएस'वर (यात बॅटरीवर जायला वेळ कमी लागतो) सरकवल्यापासून चार वेळा लाईट गेली, मशीनला पत्ता नाही. डिस्कवरच्या झेडएफएस फाइलसिस्टिमचा स्क्रब केला (सगळा डेटा वाचून तपासला), एकही चूक नाही.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, म्हणून फोटोंची तिसरी प्रत रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामने एन्क्रिप्ट करून अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतल्या क्लाउडमध्ये. चढवायला पैसे नाहीत, उतरवायला आहेत. महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट. त्यात बसवून ४० जीबी परत आणून पाहिले, उघडले.

अडलंय ते आईच्या फोनवर. आमच्याकडे सीजीनॅट (अनेक ग्राहकांत एकच आयपी पत्ता, म्हणून बाहेरून थेट घरच्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही), म्हणून बाहेरून टेलस्केल (फोनवर चालू ठेवायचं व्हीपीएन अ‍ॅप). बॅटरी वाचवायला ती ते बंद करते आणि गावचे फोटो चढतच नाहीत.