‘परत कधी?’ नावाचा रकाना

गेल्या रविवारी भाची आली होती. लोणेरेला केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारचा विषय घेतलाय कार्बन डायऑक्साइड पकडून त्यापासून उपयोगी वस्तू बनवण्याचा. “मामा, स्लाइड्स बघ ना,” म्हणत तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. पहिल्याच स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘उद्याचं तंत्रज्ञान’.

“अगं, मग मी सव्वीस वर्षं काय गोट्या खेळत होतो?”

मी युरिया प्लांटचा माणूस. युरिया म्हणजे अमोनिया आणि सीओटू, म्हणजे तोच कार्बन डायऑक्साइड, बस. दाब दीडशे बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास दीडशे पट, तापमान 180-190 अंश. आधी अमोनियम कार्बामेट तयार होतं, मग त्यातून पाणी सुटलं की युरिया. एक टन युरियात साधारण 730 किलो सीओटू जातो. हे कार्बामेट मोठं खट प्रकरण आहे. गरम आहे तोवर वाहतं, जरा गार झालं की लाईनीत दगड होऊन बसतं. रात्रपाळीत कुठे स्टीम ट्रेसिंग, म्हणजे लाईन गरम ठेवणारी वाफेची नळी, बंद पडली की वाफेचा होज घेऊन ती लाईन शेकत बसायचं, पहाटेपर्यंत. शिवाय स्टेनलेस स्टीलसुद्धा खातं. म्हणून सीओटूबरोबर मुद्दाम थोडी हवा सोडायची. त्यातल्या ऑक्सिजनमुळे स्टीलवरचा संरक्षक थर टिकून राहतो. नवीन पोरांना हे पटायचं नाही. ‘शुद्ध वायूत हवा कशाला मिसळायची?’ असं प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारायचंच.

हा सीओटू अमोनिया प्लांटमधूनच येतो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना तो आपोआप निघतो. पण नाफ्त्यापेक्षा (पेट्रोलसारखं द्रव इंधन) गॅसमध्ये कार्बन कमी, त्यामुळे गॅसवर चालणाऱ्या कारखान्यांना कधीकधी उलटीच अडचण येते: अमोनिया उरतो, सीओटू कमी पडतो. उत्तर प्रदेशात आंवला आणि फूलपूरला इफ्कोने 2006 साली त्यावर तोड काढली. रिफॉर्मरच्या, म्हणजे गॅसमधून हायड्रोजन काढणाऱ्या भट्टीच्या, धुरातून सीओटू वेगळा करायचा, दोन्ही ठिकाणी रोज 450 टनांपर्यंत. पृथ्वी वाचवायला नव्हे, खत पुरं पडावं म्हणून. भाचीला हे माहीतच नव्हतं. तिच्या स्लाइडवर भारतात धुरातून सीओटू पकडण्याची सुरुवात 2021 पासून, जमशेदपूरच्या टाटा स्टीलपासून होत होती. तिथला प्लांट दिवसाला 5 टनांचा.

पकडण्याची रीत तशी सोपी. उंच टॉवरमध्ये वरून अमाइन नावाच्या रसायनाचं द्रावण, खालून धूर. अमाइन सीओटूला धरून ठेवतं. खरं काम पुढे आहे, ते धरलेलं सोडवायचं. दुसऱ्या टॉवरमध्ये द्रावण तापवावं लागतं, आणि जुन्या पद्धतीच्या अमाइनला एक टन सीओटूमागे दीड-दोन टन वाफ लागते. ती वाफ करायला बॉयलर, बॉयलरला इंधन, आणि इंधनाचा पुन्हा धूर. म्हणून कोणी कॅप्चरचा आकडा सांगितला की मी आधी विचारतो, वाफ कुठून आणली?

मग सीओटूपासून मेथॅनॉल, म्हणजे इंधन म्हणून जाळता येणारं एक अल्कोहोल, बनवण्याची स्लाइड आली. आइसलँडमध्ये स्वार्त्सेंगीच्या भू-औष्णिक वीजकेंद्राशेजारी 2012 साली सुरू झालेला प्लांट, क्षमता पुढे वर्षाला 4,000 टनांपर्यंत गेलेली. आपल्याकडे एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा विंध्याचलचा प्रकल्प. फोटो सुरेख होते. पण सीओटू म्हणजे राख आहे, जळून झालेला कार्बन. राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर जळताना गेलेली सगळी ऊर्जा परत भरावी लागणार, वर दलाली वेगळी. मी तिला कागदावर हिशेब मांडायला लावला. एक टन मेथॅनॉलला 190 किलोच्या आसपास हायड्रोजन लागतो, आणि त्यातला एकतृतीयांश नुसतं पाणी होऊन निघून जातो. पाण्यातून तो हायड्रोजन काढायला किलोमागे पन्नासच्या वर युनिट. बेरीज जवळजवळ 10,000 युनिटवर गेली. आमच्या घरी महिन्याला दीडशे युनिट येतात. म्हणजे साडेपाच वर्षांचं बिल, एक टन मेथॅनॉलसाठी! आइसलँडला जमिनीतून उकळती वाफ फुकट मिळते, त्यांना परवडेल. कोळशाच्या विजेवर हा उद्योग म्हणजे आगीतून फुफाट्यात.

“मग सगळंच खोटं का?” ती जरा फुरंगटलीच.

खोटं नाही गं. तुतिकोरिनला कोळशाच्या बॉयलरचा धूर पकडून त्याचा सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, करतात, वर्षाला 60,000 टन सीओटू पकडायची सोय, आणि तीही सरकारी अनुदानाशिवाय उभी राहिली. हे मला मनापासून आवडतं. पण तो सोडा काचेच्या भट्टीत गेला की वायू तिथेच सुटणार. खायचा सोडा केला तर ढोकळ्यात सुटेल. मेथॅनॉल जाळलं की त्याच क्षणी मोकळा.

तेव्हा मी तिला तिच्या वस्तूंच्या तक्त्यात एक रकाना वाढवायला सांगितला: ‘परत कधी?’ म्हणजे पकडलेला सीओटू पुन्हा हवेत कधी जाणार.

काँक्रीटच्या ओळीपाशी ती अडली. मी म्हटलं, शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारलीस ना? दुधाळ झाली ते काय होतं? कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. पूर्वी घाणीवर मळलेला चुना वाड्याच्या भिंतीला लागायचा, तोही वर्षानुवर्षं हवेतला सीओटू पिऊन पुन्हा चुनखडी व्हायचा. ताज्या काँक्रीटमध्ये सीओटू सोडतात त्यामागे हेच रसायन आहे. तो वायू मात्र सहजासहजी सुटत नाही. (अर्थात सिमेंटसाठी चुनखडी भाजताना आधी सुटलेला असतोच, तो हिशेबात धरायचा. तिने धरला नव्हता.) त्या ओळीत तिने ‘शेकडो वर्षं’ असं लिहिलं.

सगळ्यात शेवटी युरियाची ओळ राहिली, माझी. जमिनीत युरिएज नावाचं एन्झाइम असतं. ओल मिळाली की ते युरिया फोडतं. अमोनिया पिकासाठी राहतो, आणि आम्ही दीडशे बारला दाबून भरलेला सीओटू काही दिवसांत हवेत.

“मामा, इथे काय लिहू? आठवडा?”

“पाऊस पडेपर्यंत, असं लिही.”

तिने तसंच लिहिलं.